दाजींचा उजवा खांदा

रूथताईचा फोन आला तेव्हा मी श्रीरामपूरच्या आमच्या शाळेच्या मैदानावर मुलींचा सराव घेत होतो. "दाजी गेले रे," एवढंच ती म्हणाली. फोन खिशात टाकला. सराव संपायला दहा मिनिटं होती, ती मी पूर्ण केली. शिट्टी वाजवली, मुलींना घरी पाठवलं, आणि मग निघालो. ही गोष्ट मी अजून ताईला सांगितलेली नाही.

दाजी, म्हणजे डीटर, जर्मनीतले व्यावसायिक हँडबॉलपटू. हँडबॉलवर तिकडे माणसं पोट भरतात, हे मला ताईच्या लग्नानंतर कळलं. लांबून उडी घेऊन, हवेतच थांबल्यासारखं होऊन चेंडू गोलात फेकणं ही त्यांची खासियत. अकरा हंगाम ते तिथल्या वरच्या साखळी स्पर्धेत खेळले. शेवटचे तीन हंगाम उजव्या खांद्यात इंजेक्शन घेऊन. क्लबचा डॉक्टर सामन्याआधी सुई टोचायचा आणि पाठीवर थाप मारायचा. "इंजेक्शन फार चांगलं होतं," दाजी त्यांच्या मोडक्या मराठीत सांगायचे, "मला काहीच दुखलं नाही. तेच वाईट." एका सामन्यात चेंडू फेकला आणि हात खाली आला तो पुन्हा खांद्याच्या वर गेलाच नाही. दोन ऑपरेशनं झाली. झोळीत हात अडकवून ते सामान आणायला क्लबात गेले, तर त्यांच्या कपाटावर दुसऱ्याचं नाव, आत दुसऱ्याचा टॉवेल. एका कोवळ्या पोरानं अदबीनं विचारलं, "काही शोधताय का?" ... हे सांगताना ते हसायचे. ऐकणाऱ्याला हसू यायचं नाही.

ऑपरेशनं झाली त्या तिकडच्या हॉस्पिटलात ताई नर्स होती. तिनं त्यांना डाव्या हातानं जेवायला शिकवलं, पुढे लग्न केलं. आमची आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघं श्रीरामपूरला आली आणि आई गेल्यावरही इथेच राहिली. दाजी बाजारात भाव करण्याइतकं मराठी शिकले. मैदानावर मात्र यायला तयार नव्हते. दोन वर्षं मी मागे लागलो, तेव्हा एका संध्याकाळी येऊन कडेला उभे राहिले आणि थोड्याच वेळात माझ्या मुलींना पाय कसा टाकायचा ते ओरडून सांगायला लागले. त्यानंतर संघ माझा उरला नाही, त्यांचा झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

ज्योती त्यांची लाडकी. बेलापूरची, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी. एसटीनं यायची, शेवटच्या एसटीनं जायची. तिची फेक पाहायला दाजी कडेवरून मैदानात यायचे. नगरला राज्य संघाची निवड होती, तिचं वय बसण्याचं ते शेवटचं वर्ष. संघात नाव आलं की खेळाडूंच्या कोट्यातून पोलिसात भरती होता येईल, हे तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आदल्या आठवड्यात तिचा खांदा धरला. शेवटच्या सामन्याआधी तिला इंजेक्शन द्यायला मी ओळखीच्या कंपाउंडरला घेऊन गेलो. दाजी खेळाडूंच्या खोलीच्या दारात आडवे उभे.

"दाजी, एका सामन्याचा प्रश्न आहे."

"मलाही 'एकच सामना' असंच म्हणायचे," ते म्हणाले. "प्रत्येक वेळी."

त्यांनी सुई काढून घेतली आणि बुटाखाली चिरडली. इंजेक्शनाशिवाय ज्योतीला हात उचलवेना. सामना गेला, निवडही गेली. सगळ्यांसमोर ती त्यांना म्हणाली, "सर, तुमचं नशीब फुटलं म्हनून माझं बी फोडता व्हय?"

परतीच्या टेम्पोत दाजींनी मला हळूच विचारलं, "फुटलं म्हणजे तुटलं ना?"

"हो," मी म्हणालो. आणि स्टँडवर उतरताना म्हणालो, "उद्यापासून येऊ नका." त्यांनी मान हलवली. याला तीन वर्षं झाली. मी ताईकडे सणासुदीला जायचो, दाजी चहा द्यायचे, मैदानाचा विषय कोणीच काढायचं नाही... मनात आणलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं. मी मनात आणलं नाही.

दफनविधीला ज्योती आली होती. मिरजगावला दिलीय तिला. कोणी कळवलं, ठाऊक नाही. मी तिला म्हणालो, "हात बरा आहे ना आता?"

"चांगला हाय की," ती म्हणाली. "रोज रानात राबते. ह्या चांगल्या हाताचं करू काय, ते मातर सरांनी न्हाई सांगितलं." शवपेटीवर माती टाकायला ती पुढे झाली नाही. उभी राहिली आणि गेली.

परवा ताईकडे गेलो. व्हरांड्यात दाजींचे खेळाचे बूट होते, नाड्या सैल केलेले. मी उचलून आत ठेवायला गेलो, तर ती म्हणाली, "राहू दे तिथंच."

"कशाला?"

"रोज चार वाजता घालून बसायचे. सराव सुटायच्या वेळी, सहाला काढायचे. तीन वर्षं." ती माझ्याकडे पाहत नव्हती. "म्हणायचे, आज बोलावेल तो. मी हो म्हणायचे. मला माहीत होतं तू यायचा नाहीस."

मी बूट होते तिथंच ठेवले. तळ पाहिले. मैदानाच्या मातीचा कणही नव्हता.