बेबीनंदाची सुट्टी

बेबीनंदा परतूर डेपोत कंडक्टर. घर वाटूरला. लांबच्या गाडीवर ड्यूटी लागली की मुक्काम पुण्याला, घरी यायला दुसरा दिवस मावळायचा. नवरा सर्जेराव घरातच शिलाई मशीन चालवायचा. त्यामुळं भाकरी, धुणंभांडी, लेकीची शाळा, सगळं हळूहळू त्याच्याकडंच गेलं. "तू गाडी सांभाळ, घराचं मी बघतो," एवढंच तो म्हणाला होता. शेजारच्या गोजरबाई आधी तोंडाला पदर लावून हसायच्या, मग त्यांनाही सवय झाली.

साक्षी तिसरीत असतानाची गोष्ट. सुट्टीच्या दिवशी बेबीनंदा हौसेनं लवकर उठली. लेकीला पुढ्यात घेऊन वेणी घालू लागली. साक्षीनं मान सोडवून घेतली.

"मम्मी, दुखून राह्यलं. पप्पा बराबर घालतात."

बेबीनंदानं कंगवा सर्जेरावच्या हातात दिला आणि ती चहा ठेवायला आत गेली. साखर सापडेना. एकेक डबा उघडून पाहिला, पण कुणाला विचारायचं मन होईना.

सर्जेराव आत आला. "काय हुडकून राह्यलीस?"

"साखर. अवो, माझ्याच घरात मी पाव्हणी झाले."

त्यानं खालच्या फळीवरचा डबा काढून दिला. मग म्हणाला, "तू गेलीस की मला तरी कुठं करमतं? रस्त्यावर गाडी वाजली की मशीन थांबतं माझं."

तिनं डेपोतल्या साहेबांकडं जवळची फेरी मागितली. पुन्हा पुन्हा मागितली. परतूर-जालना फेरी मिळाली तेव्हा साक्षी अकरावीला जालन्याच्या कॉलेजात जाऊ लागली होती.

आता सकाळी साक्षी वाटूरला आईच्याच गाडीत चढते, तिच्या शेजारी बसते. मैत्रिणींची भांडणं सांगते, एखादी पप्पांना न सांगितलेली गोष्टही सांगते. बेबीनंदा जीव कानात आणून ऐकते. तेवढ्यात थांबा येतो. "थांब हं, आलेच," म्हणत ती तिकिटाचं मशीन घेऊन गर्दीतून मागं जाते.

परत येईस्तोवर कधी कधी साक्षीचा डोळा लागलेला असतो. बेबीनंदा तिला उठवत नाही. तिची घसरणारी बॅग स्वतःच्या मांडीवर घेते, आणि आज जालना जरा उशिरा यावं, असं तिला वाटत राहतं.