ओदार्काची आई कुठे पुरली

ओदार्का आजी नऊ वर्षांची असताना सरकारी माणसांनी रशियाच्या सरहद्दीलगत, स्तारोबिल्स्कजवळच्या आमच्या गावातलं धान्य झाडून नेलं. चुलीवर शिजणारा घेवडासुद्धा सोडला नाही. तिच्या आईने तिला शहरातल्या अनाथाश्रमाच्या दारात बसवलं, “इथून हलू नकोस,” म्हणाली आणि परत गेली.

पुढच्या वर्षी पोर घरी आली, तर घरात परकी माणसं. उपासमारीने ओस पडलेल्या गावांत सरकारने रशियातून गाड्या भरभरून माणसं आणली होती, त्यांतलीच. ओर्योलकडची फ्योक्ला, तिचा नवरा आणि मुलगी न्यूरा.

“माझी आई?”

“पळाली असेल. इथले सगळे काम टाकून पळाले म्हणे,” फ्योक्ला म्हणाली आणि तिने पोरीपुढे कोबीचं सूप ठेवलं.

आजी तिथेच वाढली. फ्योक्लाला मावशी म्हणू लागली. मला याचा संताप येतो, पण त्या बाईने तिला जगवलं हेही खरं. एकदा खेळता खेळता न्यूरा बोलून गेली, “चुलीच्या ओट्यावर एक मेलेली बाई होती. बाबांनी तिला अंगणात पुरलं.” फ्योक्लाने तिच्या थोबाडीत दिली. उपासमारीचं नाव काढलं तरी तुरुंग, असे ते दिवस. पुढे न्यूरा लग्न होऊन ओर्योलला गेली, दर उन्हाळ्यात येत राहिली. आजी खाल्ल्या मिठाला जागली. तिची विचारायला जीभच रेटली नाही.

दोन हजार चौदात रशियाशी लढाई पेटली, गावाजवळ तोफा धडाडू लागल्या आणि नव्वदीच्या आजीचा धीर सुटला. मी फोन लावून दिला.

“न्यूरे, कुठे पुरलं गं तिला? क्रूस लावायचाय. दुसरं काही नको.”

“हे तुला तुमच्या कीवच्या सरकारने पढवलंय. टीव्हीवर सगळं दाखवतात आम्हाला.”

“अगं, एका ताटात जेवलोय आपण!”

“जेवलीस ना? आणि आता आम्हीच खुनी?”

“नाही गं. उपासमार झालीच नाही, म्हण. लढाई आम्हीच काढली, म्हण. आम्ही कृतघ्न, तेही कबूल.” आजी रडत होती. मला ते ऐकवत नव्हतं. “फक्त दाराच्या डावीकडे की उजवीकडे, तेवढं सांग.”



“कुठली बाई?” न्यूरा म्हणाली.

“माझी आई गं!” आजी ओरडली. तोवर न्यूराने फोन ठेवला होता.