साखरपाण्याचा थेंब

शीळफाट्याजवळच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं उंदरांच्या मेंदूचे फोटो काढले. डोंबिवलीतल्या आमच्या शेजारणींना माझी कीव यायची. पीएचडी करून शेवटी उंदीर! त्यांना काय सांगू, माझे उंदीर दारुडे होते आणि सुधारायला लागले होते.

प्रश्न साधा होता. दारूची सवय लागलेल्या आमच्या उंदरांना साखरपाणी दिलं, तरी मेंदूतला आनंदाचा भाग थंडच राहायचा. दारू बंद करून काही आठवडे गेल्यावर तो पुन्हा जागा होतो का?

यात माझ्याइतकाच जीव अडकला होता उंदरांची निगा राखणाऱ्या काकांचा. ते जवळच्याच मोहने गावचे. दारू सोडून त्यांना आठ महिने झाले होते. "सोडली खरी, पण कशाला चवच नाय राहिली मॅडम. बायको पुरणपोळी करते, मला भुसा खाल्ल्यागत वाटतं," असं एकदाच बोलले. मग मात्र रोज विचारायचे, "कधी कळणार?"

अखेर दारू बंद केलेल्या पहिल्या उंदराच्या स्कॅनचा दिवस आला. चव कळायची तर उंदीर जागा हवा, म्हणून मशीनच्या नळीत शांत पडून राहायची सवय मी त्याला महिनाभर लावली होती. आणि नेमका तो वळवळायला लागला. पहिला फोटो बिघडला, दुसराही. मशीन संध्याकाळपर्यंतच आमचं होतं. मी रडकुंडीला आले.

काकांनी जवळ येऊन हुंगलं. "मॅडम, अत्तर लावलंय काय?"

दुपारी ऑफिसातल्या बायकांचं हळदीकुंकू होतं. मी वाण घेतलं, तिळगूळ घेतला, मनगटावर अत्तर लावून घेतलं आणि तशीच उंदराकडे आले. ओळखीचा वास हरवल्यावर तो बिचारा कसला स्वस्थ पडतोय! असली वेंधळी मीच.

"सरा बाजूला." काकांनी त्याला हातात घेतलं, पाठीवरून बोट फिरवत राहिले आणि अलगद नळीत ठेवलं. तो गप पडला. मी साखरपाण्याचा थेंब सोडला.

पक्के निकाल यायला अजून वेळ होता, पण पडद्यावरच्या कच्च्या चित्रातही आनंदाचा तो भाग नारिंगी झाला, म्हणजे जागा झाला. मी चक्क टाळ्या पिटल्या.

"म्हणजे याला गोड लागलं?"

एका उंदरावरून काही सिद्ध होत नाही, हे सांगायला हवं होतं. "लागलं, काका!" मी म्हणाले.

ते बाहेर आले. माझ्या टेबलावरचा तिळगूळ त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटून सावकाश चघळला.

"थोडं थोडं लागतंय," म्हणाले, आणि दुसरा उचलला.