कूल माणसाची बारा वाक्यं

आनंदरावांचा राग परदेशीपुऱ्याच्या मिलवस्तीत सगळ्यांना ठाऊक होता. मिलच्या फाटकावर टाळेबंदीची नोटीस लागली त्या सकाळी त्यांनी टाइम ऑफिसची काच मुठीने फोडली होती. हाताला सात टाके पडले आणि नावाला कायमचा डाग लागला. पुढची दोन वर्षं ते कुठेही काम मागायला गेले, तरी 'तोच ना, काच फोडणारा?' हे त्यांच्या आधी पोचलेलं असायचं. या माणसाने बावीस वर्षं साचे, म्हणजे मिलचे माग, चालवून कापड विणलं, एक थान नापास होऊ दिलं नाही, हे कोणी विचारलं नाही. लोकांना काच बरोबर लक्षात राहते.

मग पीथमपूरला एका नव्या कंपनीने कापड तपासनिसांची भरती काढली. वयाची अट पंचेचाळीस. आनंदरावांना पंचेचाळीस पुरी व्हायला दीड महिना उरला होता. म्हणजे ही नोकरी गेली की पुढची नाहीच.

कंपनीने अर्जाबरोबर एक छापील कागद दिला. बारा वाक्यांचा इंग्रजी धडा. मुलाखतीत तो मोठ्याने वाचायचा आणि त्यावरच्या प्रश्नांना इंग्रजीतच उत्तरं द्यायची. कापडातला तुटका धागा शोधायला इंग्रजी कशाला लागतं, ते कंपनीलाच माहीत. नवा जमाना आला होता; मालकांना आता कामगार नको होते, पर्सनॅलिटी हवी होती.

धड्यात राजन नावाचा एक इसम होता आणि तो फार कूल होता. तो ओरडत नाही. तो आधी ऐकतो, मग बोलतो. सगळ्यांना तो आवडतो.

"कूल म्हणजे थंड ना?" आनंदरावांनी लेकीला विचारलं. धम्मदीना नववीत होती आणि बापाची मास्तरीण झाली होती.

"तसं नाही हो बाबा. कूल मतलब, ज्याचं डोकं ठिकाणावर आहे."

"मग तुझ्या आईला विचार, घरात असा कोणी आहे का."

लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. त्या हसल्या नाहीत.

व्याकरण हाताला लागत नव्हतं. 'ही शाउट्स' म्हणायचं, पण नकार आला की 'ही डज नॉट शाउट'. मग शेवटचा 'एस' गेला कुठे?

"तो 'डज'मध्ये आला ना बाबा. एका वाक्यात दोनदा नाही येत."

"बदली कामगारासारखं. एक आत, तर दुसरा फाटकाबाहेर." हे त्यांना पटलं आणि पुन्हा चुकलं नाही. रोजचं सांगायचं तर 'आय गेट अँग्री', आत्ताचं सांगायचं तर 'आय अ‍ॅम अँग्री', हेही बसलं.

खरी अडचण वेगळीच होती. वाचता वाचता त्यांचा आवाज बंद व्हायचा आणि नुसते ओठ हलत राहायचे.

"बाबा, आवाज," दीना म्हणायची.

त्याला इलाज नव्हता. दोनशे साच्यांच्या खडखडाटात आवाजाला किंमत नसते. तिथे माणसं ओठांनी बोलतात आणि डोळ्यांनी ऐकतात. लीलाबाईही त्याच मिलमध्ये सूत गुंडाळायच्या खात्यात होत्या. मिल बंद पडली तरी नवरा-बायकोची ही सवय सुटली नाही. लेकीला कळू नये असं काही असलं की दोघं तिच्या डोक्यावरून बिनआवाजाचं बोलून मोकळे व्हायचे. तिला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, आणि तिचा चडफडाट व्हायचा.

मुलाखतीच्या सकाळी लीलाबाई दारात आल्या. त्यांना भीती इंग्रजीची नव्हती.

"एकच सांगते. तिथं डोकं गरम करू नका."

आनंदरावांनी मान हलवली.

समोर दोघं होते. एक चष्मेवाले मोठे साहेब, एक टायवाला तरुण. आनंदरावांनी बाराही वाक्यं वाचली, खणखणीत आवाजात. प्रश्न झाले, उत्तरं बरोबर आली. चष्मेवाल्यांनी मान डोलावली आणि दोघं सल्लामसलतीला काचेच्या केबिनमध्ये गेले. दार लागलं. बाहेर चकार शब्द येत नव्हता.

आनंदरावांना तो ऐकू यायची गरजच नव्हती.

"आदमी ठीक है," चष्मेवाल्यांचे ओठ म्हणाले.

"सर, ये वही कांचवाला है," टायवाला म्हणाला. "मिलवाला है, एक रखो तो दस को भड़काएगा."

"तो टेस्ट में फेल लिख दो."

आनंदरावांच्या कानशिलांत साचे सुरू झाले. नको असेल तर नको म्हणा, पण नापास? टाके पडलेला हात आपोआप आवळला गेला. आणि समोर पुन्हा काचच होती, चार पावलांवर. ते खुर्चीतून अर्धे उठले. लीलाबाईंचं दारातलं तोंड आठवलं, आणि ते परत बसले. मूठ मांडीवर दाबून ठेवली.

दोघं बाहेर आले. टायवाल्याने रीत म्हणून विचारलं, "लास्ट क्वेश्चन. डू यू गेट अँग्री?"

याचं उत्तर घरून पाठ करून आणलं होतं: नो सर.

"येस सर," आनंदराव म्हणाले. "आय गेट अँग्री. आय अ‍ॅम अँग्री नाऊ. आय अ‍ॅम नॉट शाउटिंग."

मग ते हिंदीवर आले.

"नहीं रखना तो मत रखिए साहब. पर फेल मत लिखिए. बारह के बारह वाक्य सही पढ़े हैं मैंने."

चष्मेवाल्यांनी वळून केबिनच्या बंद दाराकडे पाहिलं, मग आनंदरावांच्या डोळ्यांकडे. त्यांनी हळूच तोंडावर हात धरला आणि त्या हाताआडून टायवाल्याला काहीतरी सांगितलं.

"भर्ती पूरी हो गई है," टायवाला म्हणाला. "आप जा सकते हैं."

घरी पोचले तेव्हा दीना धड्याच्या निकालाचीच वाट बघत होती. "बाबा, 'डज'चं चुकलं नाही ना?"

"एकही नाही."

"मग नोकरी?"

त्यांनी तिच्या डोक्यावरून लीलाबाईंकडे पाहिलं आणि ओठ हलवले. नाही झालं.

लीलाबाईंच्या हातातला कप तसाच राहिला. काच? त्यांच्या ओठांनी विचारलं.

आनंदरावांनी हात वर केला, पंजा उघडून दाखवला. जुन्या टाक्यांखेरीज त्यावर काही नव्हतं. लीलाबाईंचे डोळे भरून आले.

"हे काय चाललंय तुमचं?" दीना म्हणाली. "बाबा, आवाज काढून बोला ना."

आनंदराव तिच्याकडे वळले. ओठ हलले, पण आवाज काही केल्या निघेना.