खडूच्या पुडीवरची फुंकर

सोमवारी चिंचपोकळीच्या एका गाळ्यातून माझ्या जुन्या छोट्या गाडीसाठी शर्यतीच्या गाडीतले वापरलेले सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचे वरचे झाकण, घेतले. जबाबदार, विक्रेता. गुरुवारी लालबागला ते न तपासता बसवले गेले. जबाबदार, माझा मेकॅनिक. रविवारी करी रोडच्या पुलावर इंजिनातले पाणी उकळले. शेजारी पत्नी होती. आणखी थोडे पुढे गेलो असतो, तर वडिलांनी घेतलेल्या या गाडीचे मूळ इंजिन कायमचे गेले असते.

विक्रेत्याचे नाव मला ठाऊक नाही. त्याची फुंकर ठाऊक आहे. हेडला तडा आहे का, हे पाहण्याची या धंद्यातली रीत साधी आहे. तेल लावायचे, कोरडे पुसायचे, वर खडूची पूड भुरभुरायची. तड्यात मुरलेले तेल काही मिनिटांत पुडीवर काळी रेष काढते. या गृहस्थाने पूड टाकली आणि लगेच, मुलाच्या डोळ्यातला कण काढावा तशा मायेने, फुंकर मारली. "बघा काका, एकदम क्लीन!"

हेड उतरवून मी परत नेले. पुन्हा पूड टाकायला लावली. रेष उमटू लागताच त्याने पुन्हा फुंकर मारली.

"अहो, रेष येत होती!" मी ओरडलो.

"काका, एवढा वेळ निरखत बसलात तर माणूस पण पास होणार नाय."

वाक्य खरे आहे. बचाव म्हणून मात्र ते अग्राह्य आहे. माझी जाहीर मागणी अशी: त्याने गाळ्याबाहेर, चार गिऱ्हाइकांसमक्ष, त्याच हेडवर पूड टाकावी आणि रेष उमटेपर्यंत तोंड मिटून उभे राहावे. तेवढेच उत्तर मला मान्य होईल.