लांब नावाचं गाव

खानापूरच्या बसमध्ये एक आक्का माझ्या शेजारी बसल्या. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. त्यांची नात वेल्समध्ये नर्स आहे. तिच्या जवळच्या एका खेड्याचं नाव आक्कांनी फोनवर ऐकून पाठ केलेलं. आधी ते आखूडच होतं म्हणे. पण रेल्वे आली आणि लोकांनी उतरून गाव बघावं म्हणून गावकऱ्यांनी ते मुद्दाम लांबवलं.

"म्हणू काय गं?" पदर खोचून, डोळे मिटून, समोरची दांडी धरून त्यांनी सुरुवात केली. "ल्लानवायरपुल..."

कंडक्टर तिकिटं विसरून बघत राहिला. पिरनवाडी गेली तरी नाव संपेना!

मध्येच दम घेत म्हणाल्या, "बेळगाव म्हणायचं का बेळगावी, ह्यावरनं आपल्यात भांडणं. तिथं नाव म्हणस्तवरच दम संपतोय, भांडाय उरतोय कुठं?"

अख्खी बस खिदळली. आक्कांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आक्कांच्या गावाच्या, मच्छ्याच्या थांब्याशी गाडी हळू झाली आणि नेमक्या त्याच वेळी त्या नावाच्या शेपटाला पोचल्या, "गोगोगोऽऽख!"

ड्रायव्हरला 'गो गो' एवढंच ऐकू गेलं. त्यानं गाडी हाणली.

"अगं बाई, माझं मच्छे!" आक्का हसून हसून डोळे पुसत म्हणाल्या, "आमचं बी नाव लांबवाय पायजे गं. तवाच गाडी थांबंल!"