बॉनेटवर न उमटलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आक्काला ओळखत नाही — म्हणजे इथंही मी सोपीच वाट धरलीय.

आधी गाडीचं सांगतो. मुद्द्यावर यायला मला जरा वेळ लागेल.

गाडी गडद निळी. शाहूपुरीत माझं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान आहे. जन्म ग्रीसमध्ये हात घालण्यात गेला, आणि पन्नाशीच्या तोंडावर पहिली कोरी गाडी दारात येणार होती. दारात कसली — शोरूममधून मी ती थेट पॉलिशवाल्याकडं नेली. त्यानं रंगावर मेणाचा थर चढवला, वाळू दिला, मऊ फडक्यानं पुसला, वर आणखी एक चढवला. मी दिवसभर स्टुलावर बसून बघत होतो. लेक झाली तेव्हाही दवाखान्यात एवढा वेळ बसलो नव्हतो. बॉनेटमध्ये माझं तोंड दिसायला लागलं, आणि काय सांगू — मला ते तोंड आवडलं.

पॉलिशवाल्यानं बजावलं, आठवडाभर पाणी नको, घासणं नको, आणि बॉनेटवर हळदकुंकू तर अजिबात नको. ओलं कुंकू उन्हात तापलं की डाग बसतो. त्यानं एका पांढऱ्या गाडीवर राहिलेली पाच बोटं दाखवलीसुद्धा. ती बोटं माझ्या डोक्यातून जाईनात. घरी येऊन मी सुनंदाशी, म्हणजे बायकोशी, ठरवून टाकलं: कुंकवाचा ठिपका काचेवर लावायचा, नारळ फाटकाबाहेर फोडायचा, गुलाल उधळायचा नाही. जोतिबा कुलदैवत असलेल्या घरात गुलाल नको म्हणणारा मीच पहिला असेन. तळहाताच्या फोडासारखा जपत होतो तो रंग. सगळं ठरलं, फक्त आक्काला सांगायचं राहिलं.

आक्का माझी थोरली बहीण. निपाणीकडं दिलेली. दाजी गेले तेव्हा सासरच्यांनी तिला सगळ्या शुभकार्यातून बाजूला काढलं. आमच्या आईनं मात्र ते ऐकून घेतलं नाही. लेकीचा हात तो लेकीचाच, असं तिनं सगळ्या भावकीला ठणकावून सांगितलं होतं. आमच्यात नव्या वाहनाला पहिला हात बहिणीचा लागतो. माझ्या सायकलीला तिचा लागला, मोपेडला लागला, दुकानाच्या टेम्पोला तर दाजी गेल्यावर लागला. आई गेली तरी हे चालू होतं. तिला हात लावू देणारं जगात एवढं एकच घर उरलं होतं — माझं.

त्या सकाळी ती एसटीनं कसबा बावड्याला आली. आदल्या दिवशी मुद्दाम जोतिबाला जाऊन गुलाल आणला होता तिनं, पदराला बांधून. आमच्या कॉलनीतले लोक गाडीभोवती जमले होते. मी काही बोलायच्या आत तिनं ताटलीत कुंकू कालवलं, तळवा त्यात बुडवला आणि बॉनेटकडं निघाली. चेहरा काय फुलला होता तिचा! आणि मला दिसत होती ती पांढऱ्या गाडीवरची पाच बोटं.

"आक्का, तू नको," मी म्हणालो. "सुनंदाला लावू दे."

आक्काचा हात तसाच वर राहिला. मला खरंच आधी कळलं नाही की मी काय बोललोय. शेजारच्या काकूंनी ते मला कळवलं. त्या म्हणाल्या, "बरं केलंसा. तेवढं पाळावंच की."

आता सांगा, अशा वेळी तोंडातून एक वाक्य काढायला किती कष्ट पडतात? अगं तसं नव्हे, मेण लावलंय, डाग पडंल — एवढंच. लोक हसले असते. गाडीवेडा म्हणाले असते. पण मी मान डोलवली. काकूंकडं बघून, चांगली दोनदा डोलवली.

आक्कानं ओला तळवा पदराला पुसला. "व्हय की," ती म्हणाली, "माझ्या ध्यानातच ऱ्हायलं न्हाय." आणि फाटकाबाहेर जाऊन उभी राहिली. सुनंदानं काचेवर तांदळाएवढा ठिपका लावला. बॉनेटला काहीच झालं नाही.

सुनंदानं त्याच दिवशी मला सुनावलं, वन्संना खरं काय ते सांगून या. मी आक्काला स्टँडवर सोडायला गेलो — त्याच गाडीतून. वाटभर ती दाराला हात न लावता अंग चोरून बसली होती, आणि मी सिग्नलबद्दल बोलत होतो. परत आल्यावर सुनंदाला म्हणालो, सांगितलं, हसली ती. सुनंदाला आजही ते खरं वाटतं.

का नाही सांगितलं? पुष्कळ विचार केलाय मी यावर. रूढी पाळली असं म्हटलं तर माणूस जुन्या वळणाचा ठरतो. चार माणसं मागून बोलतात, पण मान देतात. मेणापायी बहिणीचा हात अडवला, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? खरं कारण खोट्यापेक्षा हलकट होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी ती झाकूनच ठेवली. ते सव्वा लाख आक्का भरत राहिली.

कारण त्यानंतर तिनं आमच्याकडच्या कशालाच हात लावला नाही. पूजेला यायची, स्वयंपाकघरात बसायची. वास्तुशांतीला मागच्या दारानं आली. सुनंदाला वाटायचं, वय झालं तशा वन्सं सोवळ्या होत चालल्यात.

गेल्या वर्षी माझ्या लेकीचं, प्राजूचं लग्न झालं. हळद घरीच होती. प्राजू पाटावर बसून हाका मारत होती, आत्ती, पहिली हळद तूच लाव. आक्का दाराच्या चौकटीशी उभी होती. मी हितनंच बघते, म्हणाली. दोनदा, तीनदा असं झालं तेव्हा प्राजू चिडली, सगळ्यांसमोर.

"हे कसलं जुनं खूळ गं तुझं, आत्ती? आमच्या घरात तुला कधी कुणी अडवलंय का?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर हळदीची वाटी घेऊन उभा होतो.

"न्हाय गं बाय," ती म्हणाली. "कुणीच न्हाय. माझंच खूळ हाय ते."

मी वाटी सुनंदाच्या हातात दिली.